साकु म्हणजे पुरे

मी दुरुस्त्या करणारी बाई आहे. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत लाल शाईचं पेन घेऊन बसले, पण सवय त्याच्या आधीची. कुणी बुधवार म्हटलं की मंगळवार होता असं सांगायचं, कुणी 'आनी' म्हटलं की 'आणि' म्हणायला लावायचं. घरातले वैतागायचे. दादा म्हणायचा, "हिला माज्या दुकानात बसवा. लोक रेडिओवर गाणी ऐकतील आन् ही खरखर ऐकत बसंल." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पुढचं सगळं त्यानं आणलेल्या टीव्हीबद्दल आहे आणि त्या टीव्हीसमोर बसून मी केलेल्या एका दुरुस्तीबद्दल.

दादाचं नव्या पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. सोलापुरात तेव्हा टीव्ही घेऊन उपयोग नव्हता, पुण्या-मुंबईचं चित्र इथवर पोचायचंच नाही. मग सत्तरचं दशक सरता सरता गुलबर्ग्याहून टीव्ही सुरू झाला आणि दादाच्या डोक्यात भुंगा शिरला. त्यानं कुठून तरी एक जुना सेट आणला, लाकडी पेटीतला, पुढं सरकती दारं असलेला. गच्चीवर वीस फुटी पाइप उभा केला, त्यावर अँटेना चढवली आणि तिचं तोंड अक्कलकोटच्या दिशेला केलं. वहिनीचं माहेर अक्कलकोटच्याही पलीकडं, पार हद्दीवरचं गाव. वहिनी म्हणाली, "हे बरं झालं. तुमचा टीव्ही माज्या म्हायेराकडं तोंड करून बसला."

दादा गच्चीवर पाइप फिरवायचा, वहिनी जिन्यात उभी असायची आणि मी खाली सेटसमोर. मी ओरडायची, "आलं! आलं! गेलं!" वहिनी तेच वर ओरडायची. असं अर्धा तास चालल्यावर एकदाचं चित्र आलं. मुंग्या भरपूर होत्या, पण मुंग्यांच्या आत एक माणूस होता आणि तो बोलत होता. आई, वडील, मी, सगळे पुढं सरकून ऐकायला लागलो. दोन मिनिटं ऐकलं आणि वडील म्हणाले, "अरे, हे तर कानडी हाय की."

दादानं याचा विचारच केला नव्हता. आमचं घर मूळचं करकंबचं, कानडीचा गंध नाही. वडील गिरणीत टाइमकीपर होते, त्यांना हाताखालच्या माणसांचं ऐकून चार तेलुगू शब्द यायचे, कानडी एकही नाही. दादा कपाळाला हात लावून बसला. तेव्हा वहिनी हसत हसत म्हणाली, "मी सांगते की. मला येतंय." तिच्या माहेरी घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी. तेव्हापासून आमच्या घरात टीव्ही बोलायचा, वहिनी सांगायची आणि बाकीचे मत द्यायचे. आईचं मत सगळ्यात आधी यायचं. बातम्या देणाऱ्या बाईबद्दल, शेतकऱ्याच्या फेट्याबद्दल, गाणाऱ्याच्या दातांबद्दल, आईला प्रत्येकाबद्दल काही ना काही म्हणायचं असायचं.

हे जेमतेम पाच महिने चाललं. मग दादाला कावीळ झाली आणि नवव्या दिवशी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

मला त्या दिवसांचं फारसं काही आठवत नाही. लोक विचारतात, किती रडली असशील. मी रडले नाही. मला काहीच वाटत नव्हतं. मी दहावीला होते, तेराव्यानंतर शाळेत गेले, भूमितीचा पेपर दिला, बरे मार्क पडले. आई सकाळी उठून चूल पेटवायची, वडील भोंग्याला घराबाहेर पडायचे, वहिनी पाणी भरायची. सगळं वेळेवर व्हायचं. फक्त कुणी बोलायचं नाही. ताटात भाकरी हवी का हेसुद्धा हातानंच विचारायचं. वहिनीला आणखी वाढायला गेलं की ती ताटावर हात धरायची आणि "साकु" म्हणायची. कानडीत साकु म्हणजे पुरे. दिवसभरात तिच्या तोंडून तेवढा एकच शब्द निघायचा.

करकंबहून आलेले नातेवाईक परत गेल्यावर एका संध्याकाळी आईच म्हणाली, "लाव ते. घर खायला उठतंय."

वहिनीनं टीव्हीची दारं सरकवली. नुसत्या मुंग्या. वाऱ्यानं अँटेना फिरली होती. आम्ही सगळ्या त्या मुंग्यांकडं बघत बसलो. शेवटी वहिनी उठली, पदर खोचला आणि गच्चीवर गेली. आई म्हणाली, "आगं, गल्ली बघंल." वर्ष न झालेली विधवा सून उघड्या गच्चीवर पाइप फिरवतीय, हे गल्लीनं बघण्यासारखंच होतं. वहिनी वरून म्हणाली, "सांगा, आत्याबाई." मग आईच सेटकडं बघून ओरडली, "आलं. गेलं. थांब, आलं." तेव्हापासून अँटेना वहिनीच फिरवायला लागली आणि आई पुन्हा काही बोलली नाही.

टीव्हीवर विणलेला एक रुमाल घातलेला होता आणि त्या रुमालाखाली एक पत्र होतं. आता त्याचं सांगते, कारण त्या पावसाळ्यात आमच्या घरात त्या पत्राशिवाय दुसरं काहीच नव्हतं. वहिनी मॅट्रिक झालेली होती. दादानं आजारी पडायच्या आधी तिचा डी.एड.चा फॉर्म भरला होता, बार्शीला, घरात कुणाला न विचारता. तो गेल्यावर पाच आठवड्यांनी पत्र आलं. तिचा नंबर लागला होता. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर राहायचं, दोन वर्षं बोर्डिंगात राहायचं आणि सोबतच्या कागदावर पालकाची सही आणायची. पालक म्हणजे आता आमचे वडील. वडिलांनी पत्र वाचलं, आईला वाचून दाखवलं. आई काही बोलली नाही. वडील आईच्या शब्दाबाहेर कधी नव्हते. त्यांनी पत्राची घडी केली आणि रुमालाखाली ठेवून दिली. वहिनीनं विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी आम्ही त्या पत्राखालचा टीव्ही बघत होतो.

मला ती जायला नको होती. हे सरळ सांगून टाकते. त्या घरात वहिनी होती म्हणून मी होते. ती गेली असती तर मी, आई, वडील आणि दादाची बंद पेटी, इतकंच राहिलं असतं. पण मी हे कुणाला बोलले नाही, कारण कुणीच काही बोलत नव्हतं.

बोलणं व्हायचं ते टीव्हीबद्दल. गुलबर्ग्याचे कार्यक्रम म्हणजे बहुतेक शेतीचे आणि आरोग्याचे, मधूनच एखादं गाणं, क्वचित एखादं नाटक. एका संध्याकाळी एक माणूस गाईच्या पायाशी बसून काही समजावत होता. आई म्हणाली, "काय म्हणतोय?" वहिनी म्हणाली, "जनावराचा डॉक्टर हाय. म्हणतोय, गाय एका जागी बांधून ठिवली की तिला रोग व्हतो. हिंडवली पायजे." आई सुपातले खडे निवडत होती. म्हणाली, "गाय काय आन् माणूस काय." तेवढंच. पण दादा गेल्यापासून आईनं दिलेलं ते पहिलं मत होतं. वडिलांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं.

एव्हाना मी कानडी शिकत होते, गुपचूप. माझ्या वर्गात एक मुलगी होती जिच्या घरी कानडी बोलायचे, तिला विचारून मी विज्ञानाच्या वहीच्या मागं शब्द लिहायची. बेकु म्हणजे पाहिजे, बेड म्हणजे नको. होगु म्हणजे जा, बा म्हणजे ये. साकु म्हणजे पुरे, ते तर घरातच होतं. उप्पु मीठ, सक्करे साखर, नीरु पाणी. तीन-चार आठवड्यांत साठेक शब्द झाले. साठ शब्दांवर माणूस जितका शहाणा होतो तितका पुढं कधीच होत नाही.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई आली. समोर तांब्या, त्यात ती चमच्यानं काही टाकत होती आणि बोलत होती. मला स्पष्ट ऐकू आलं, उप्पु, सक्करे, नीरु. हगवण लागलेल्या पोराला पाजायचं पाणी कसं करायचं हे ती सांगत होती. आईनं विचारलं, "ही कोण?"

"मास्तरीण हाय," वहिनी म्हणाली. "नवरा न्हाई हिला. शाळंतली पोरं हिलाच आई म्हणत्यात, म्हणाली."

मी वहिनीकडं बघितलं. ती टीव्हीकडंच बघत होती, अगदी शांत.

आई म्हणाली, "मास्तरीण असून लुगडं नीट नेसलीय." मग थोड्या वेळानं, "ऱ्हाती कुटं म्हणं?"

"बोर्डिंगात."

"एकटी?"

"न्हाई, एका खोलीत चारजणी हायत्या म्हणं."

बाई तांब्यातलं पाणी ढवळत होती. आई तिच्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आतनं कडी हाय का दाराला?"

"हाय म्हणाली," वहिनी म्हणाली. "आतनं कडी हाय, आन् बाहीर म्हातारी बाई झोपती राखणीला."

वडील खोकले. म्हणाले, "बार्शीचं बोर्डिंग बरं हाय म्हणत्यात." आणि मग आपण काय बोललो हे कळून ते उठले आणि पाणी प्यायला गेले. पत्र रुमालाखाली होतं तिथंच होतं.

मी तेव्हा सांगू शकले असते, की ती मास्तरीण नाही, ती मिठाचं पाणी करतीय. सांगितलं नाही. माझी खात्री व्हायची होती. पण त्यानंतर मी रोज कान टवकारून बसायला लागले आणि रोज वहिनीला पकडायला लागले. भुईमुगावरच्या रोगाचा कार्यक्रम असेल तर वहिनी दोन जावांची गोष्ट सांगायची. विहिरीत औषध टाकायची माहिती चालली असेल तर एखादा सासरा सुनेला कंदील घेऊन देतोय असं सांगायची. चित्रात इतक्या मुंग्या असायच्या की कंदील आहे की औषधाची बाटली हे दिसायचंच नाही. आई प्रत्येक गोष्टीवर मत द्यायची. "असला सासरा कुटं बघायला मिळतोय," म्हणायची. "धाकट्या जावंचं चुकलं, पर थोरलीनं समजून घ्यायला पायजे हुतं," म्हणायची. तिचं सूप मांडीवर, नजर टीव्हीवर आणि प्रश्न वहिनीला. दिवसाला एक प्रश्न. शिकताना कुणी नावं ठेवली का त्या बाईला? सणाला घरी येती का? सासूला पत्र घालती का? वहिनी उत्तरं द्यायची. घालती. दर पंधरा दिवसाला घालती.

मी वहीत सगळं लिहून ठेवत होते. टीव्ही काय म्हणाला, वहिनी काय म्हणाली. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं. चुकांचा ढीग वाढत होता आणि मला त्याचं एक थंड समाधान होतं. दुसरं कसलंच काही वाटत नव्हतं त्या दिवसांत, हे एवढं वाटायचं.

पहिल्या सोमवारला चार दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी नाटक होतं. वारा पडला होता आणि चित्र कधी नव्हे इतकं चांगलं होतं, माणसांची तोंडं दिसत होती. एक तरुण बाई, कपाळ मोकळं, हातात बोचकं. दारात तिची सासू. मागं रस्ता रंगवलेला पडदा. वहिनी त्या दिवशी गोष्ट नेहमीसारखी सांगत नव्हती. थांबत थांबत, शब्द शोधत सांगत होती. "हिचा नवरा गेलाय. हिला शिकायला जायाचंय. सासूला इचारायचं धाडस न्हाई." आईनं सूप खाली ठेवलं. दादा गेल्यापासून आईला हात रिकामा ठेवून बसलेलं मी पाहिलंच नव्हतं.

टीव्हीतली सासू दारातून एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, "मगळंग साकीनि. होगि बा."

वहिनीचा आवाज फुटला. "म्हणाली," ती म्हणाली, "लेकीसारखं वाढवलंय तुला. जाऊन ये."

आईनं तोंड उघडलं. ती काही तरी म्हणणार होती. मत देणार होती. मी बघत होते तिच्याकडं.

आणि मी म्हणाले, "खोटं आहे."

शाळेतली मराठी बोलले मी, एकेक अक्षर नीट उच्चारून. "असं म्हणालीच नाही ती. साकु म्हणजे पुरे. होगु म्हणजे जा. ती म्हणाली, पुरे झालं तुझं, चालती हो. वहिनी रोज खोटं सांगते. माझ्याकडं लिहिलेलं आहे." आणि मी उठून विज्ञानाची वही आणली.

वही कुणी उघडली नाही. वडील खाली बघत होते. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. तिला म्हणता आलं असतं, वन्सं, तुमचं चुकतंय. म्हणाली असती तर कुणी ऐकलं असतं? आधीच्या सगळ्या गोष्टी तिच्याच होत्या आणि ते आता सगळ्यांना कळलं होतं. ती फक्त म्हणाली, "आसंल." मग उठली आणि टीव्हीची दारं सरकवून बंद केली.

आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तिचं मत काय होतं ते राहूनच गेलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सकाळी वहिनी रोजच्यासारखी पाणी भरायला गेली. बार्शीची एस.टी. किती वाजता सुटते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती वेळ झाली तेव्हा ती भांडी घासत होती, मी तिच्या शेजारी विसळत होते. त्याही वेळी मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे तेवढं आठवतंय.

पत्राचं नंतर काय झालं मला ठाऊक नाही. दिवाळी झाल्यावर तिचा भाऊ न्यायला आला. तिनं आईच्या पाया पडून "येते, आत्याबाई" म्हटलं, आई "ये" म्हणाली. ती वर्षश्राद्धाला आली, मग माहेरीच राहिली. भावाच्या घरात, भावजयीच्या हाताखाली, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवत. अजून तिथंच आहे. लग्नाकार्यात भेटते, माझ्या तब्येतीची चौकशी करते.

दिवाळीनंतर ती भावाबरोबर गेल्यावर आठ-दहा दिवसांनी आई मला म्हणाली, "लाव ते. आता तू सांग. तुला कळतंय न्हवं?"

मी गच्चीवर जाऊन पाइप फिरवला, खाली येऊन बसले आणि सांगितलं. अगदी चोख सांगितलं, जितके शब्द कळत होते तितके. भुईमूग. पानावर डाग. औषध. पाणी. सकाळी फवारा. एकही शब्द पदरचा घातला नाही. आई ऐकत होती. मी थांबले की ती म्हणायची, "बरं." गाणं झालं, बातम्या झाल्या. "बरं." मत एकाही गोष्टीवर दिलं नाही. बातम्या देणाऱ्या बाईच्या केसांतल्या फुलावरसुद्धा नाही. अर्ध्या तासानं तिनं माझ्यापुढं हात आडवा धरला, वहिनी ताटावर धरायची तसा. म्हणाली, "साकु." मी टीव्ही बंद केला.

पुढच्याच वर्षी माझा डी.एड.ला नंबर लागला. बार्शीलाच. वडिलांनी त्याच दिवशी सही केली आणि आईनं डबा भरून दिला. मला पाठवायला कुणाला टीव्हीची गरज पडली नाही. बोर्डिंगाच्या दाराला आतनं कडी होती. एका खोलीत चारजणीच होतो.

नोकरी लागली ती हद्दीवरच्या एका शाळेत. तिथं माझी कानडी सुधारली, पण सुधारायच्या आधीची ही गोष्ट. पहिल्याच वर्षी एक म्हातारी नातीचं नाव घालायला आली. मी विचारलं, हिची आई कुठं आहे? म्हातारी म्हणाली, "ताई इल्ल. नाने साकीनि." ताई म्हणजे आई आणि इल्ल म्हणजे नाही, हे मला कळत होतं. पण पुढचं? मीच पुरे? मी शेजारच्या मास्तरांकडं बघितलं. ते म्हणाले, "म्हणतीय, आई नाही, मीच वाढवलीय. साकु म्हणजे पुरे, आणि साकु म्हणजे सांभाळणं पण, पोसणं. शेळी साकतात, पोर साकतात."

मी मुलीचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, म्हातारीचा अंगठा घेतला. मग मास्तरांना विचारलं, "मगळंग साकीनि, होगि बा म्हणजे काय?" ते वाक्य मला पाठ होतं. ते म्हणाले, "लेकीसारखं वाढवलं, जाऊन ये." शब्द न् शब्द तोच. इतके दिवस खोटं सांगणाऱ्या वहिनीनं त्या एका संध्याकाळी खरं सांगितलं होतं.

आणि एक दुरुस्ती माझ्याच वहीतली. साकुचा दुसरा अर्थ मला माहीत नव्हता, ते ठीक. पण 'बा' माहीत होतं. बा म्हणजे ये. ते मला त्या संध्याकाळी ऐकू आलं होतं. मी ते सोडून दिलं.

हे मी आईला सांगायला पंधरा-सोळा वर्षं लावली. वडील गेले होते, सोलापुरात मराठी टीव्ही यायला लागून बरीच वर्षं झाली होती आणि आईला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. दुपारची कसली तरी मालिका चालू होती. मी तिच्या कानाशी मोठ्यानं सगळं सांगितलं, साकु, साकीनि, बा, सगळं. ती ऐकत राहिली.

"मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली.

"कसं?"

"ती नाटकातली म्हातारी पदरानं डोळं पुसत हुती. चालती हो म्हणणारी बाई डोळं पुसती व्हय? आन् आदीचंबी कळत हुतंच की. सासरा कंदील देतोय म्हणं." ती थोडी हसली.

"मग बोलली का नाहीस तू?"

आई टीव्हीकडं बघत होती. मग म्हणाली, "व्हय म्हणणार हुते त्या दिशी. तोंडात आलं हुतं. तेवढ्यात तू बोललीस." आणि थांबून, "मला बरं वाटलं बग तवा. पोरगा गेला, सूनबी जाईल, म्हणून भ्या वाटत हुतं. तुजं ते चुकलेलं माज्या सोयीचं पडलं. आन् मग ती गेलीच की."

पडद्यावर एक बाई दुसऱ्या बाईला चहाचा कप देत होती आणि साखर कमी झालीय का असं विचारत होती. आईनं माझ्या हाताला हात लावला.

"काय म्हणाली गं ती?"

मी म्हणाले, "म्हणाली, जाऊन ये."

आईनं त्या बाईकडं नीट निरखून बघितलं.

"बरं केलं," ती म्हणाली.